झाकणातली माशी

त्या रविवारी गुलाबरावांच्या पदरात पडणार होतं ते असं. एक, दुपारपर्यंत बायकोच्या, भीमाबाईंच्या, किराण्याच्या यादीतून सुटका. दोन, 'सर' ही पदवी. रेल्वेच्या वॅगन दुरुस्ती कारखान्यात छत्तीस वर्षं त्यांना 'ए फिटर' यापलीकडे कुणी हाक मारली नव्हती. आणि तिसरी बाब, सगळ्यांत जड, म्हणजे नात श्रावणी. वय बारा. आबांनी मराठीत काहीही विचारलं तरी मोबाइलवरची नजर न हलवता ती "हव", म्हणजे हो, एवढंच म्हणायची, फारच झालं तर "पता नहीं, आबा". हिंदी मुलखातल्या भनपुरीच्या त्या दोन खोल्यांत आजोबा आणि नात एका फलाटावरच्या दोन वेगळ्या गाड्यांच्या प्रवाशांसारखे राहत होते.

बदल्यात द्यायची होती ती एक विद्या. तरुणपणी त्यांच्या फोरमन साहेबांना फ्लाय फिशिंगचा नाद होता आणि सामान उचलायला माणूस हवा होता. सामान उचलता उचलता गुलाबराव शिकले. गांडूळ नाही, कणकेची गोळी नाही. गळावर पिसं आणि दोरा बांधून खोटी माशी करायची, लांब दोरी डोक्यावरून मागे न्यायची, पुढे फेकायची, आणि माशी पाण्यावर अशी टेकवायची की माशाला वाटावं, खरीच बसली. साहेब जाताना आपल्या हातानं बांधलेली एक लाल माशी देऊन गेले. कोंबड्याच्या मानेचं पीस, आत सोनेरी दोरा.

श्रावणीच्या स्काउट-गाईड पथकाच्या दीपमाला मॅडमनी पालकांच्या बैठकीत विचारलं, "बच्चों को कुछ हटके सिखाने वाला कोई है क्या?" तेव्हा सगळ्या पालकांनी खाली पाहिलं. एक हात वर गेला.

"तुम्हाले वांगं का टमाटर ते दिसत नाही," भीमाबाई घरी म्हणाल्या, "अन् पोट्ट्यायले मच्छी पकडाले शिकवून राहिले!"

"मच्छी डोळ्यानं नाही, हातानं धरतात."

"मंग त्याच हातानं मोतीबिंदूही काढून घ्या जी."

दीपमाला मॅडमची काळजी वेगळी होती. "सर, बारा मुलं आणि बारा गळ. कुणाच्या डोळ्यात गेला तर? चष्मे घेऊ का?"

गुलाबराव हसले. गळाच्या टोकाशी एक उलटा दात असतो, घुसलेला गळ तोच सुटू देत नाही. "तो दात पकडीनं दाबून सपाट केला की गळ म्हणजे नुसती वाकडी सुई. अन् हे पोट्टे अजून हळूच फेकतीन. चष्मे काहून पाहिजेत? एकूणएक दात मी स्वतः दाबतो. लिहून देतो." आणि त्यांनी खरोखर लिहून दिलं, खाली सही केली. मॅडमनी कागद रजिस्टरात लावला आणि चष्म्यांचा विषय तिथेच संपला.

साहेबांची माशी समोर ठेवून त्यांनी हुबेहूब बारा लाल माश्या बांधल्या. एकूणएक दात दाबला. तेराव्यापाशी, म्हणजे साहेबांच्या माशीपाशी, पक्कड दोनदा उचलली आणि दोनदा खाली ठेवली. चाळीस वर्षांमागचं काम, त्यावर आपला दाब कसा द्यायचा? ही कुठं वापरायची आहे, नुसती दाखवायची, असं म्हणत त्यांनी ती डब्याच्या झाकणातल्या फोममध्ये टोचून ठेवली.

उरला या कारखान्यांच्या वस्तीच्या पुढे, धूळ जरा कमी होते तिथल्या एका गावचा तलाव ठरला होता. बांधावर बारा जण दोन-दोन काठ्यांचं अंतर सोडून उभे होते. मॅडमनी गुलाबरावांच्या गळ्यात शिट्टी अडकवली. "सर, एक लांब शिट्टी म्हणजे जो जिथे असेल तिथे पुतळा. पण वाजली की कार्यक्रम बंद, आणि कारण मला रजिस्टरात लिहावं लागतं. उगाच नका वाजवू."

"उगाच कशाले वाजवीन?" सर म्हणाले. अजून ते मजेत होते.

मोकळी दोरी कशी मागे न्यायची ते त्यांनी दाखवलं, मग बाभळीआड जाऊन आले. तेवढ्यात मॅडमनी उरक दाखवला होता. माश्या वाटून, बांधूनही झाल्या होत्या. अठरा फुटांवरून पहिली दोरी 'सुंई' करून गेली. गुलाबरावांनी समाधानानं डबा उचलला, झाकणावरून सवयीनं अंगठा फिरवला.

फोम रिकामा होता.

डब्याच्या तळाशी एक माशी होती. अंगठ्यानं तिचं टोक चाचपलं. सपाट. म्हणजे ही त्यांच्या बारांतली. दाताची माशी कुणाच्या तरी दोरीच्या टोकाला बांधलेली होती आणि आत्ता, या क्षणी, कुणाच्या तरी कानामागून फिरत होती.

त्यांचा हात शिट्टीकडे गेला. शिट्टी ओठांत धरली. समोर बारा लाल ठिपके हवेत फिरत होते, आणि त्यांच्या डोळ्यांना तर तेही धुरातून दिसावेत तसे. वाजवली तर? मॅडम विचारतील काय झालं. मग तो कागद निघेल, खालची सही निघेल. श्रावणी सगळ्यांसमोर ऐकेल की आबा खोटं लिहून देतात. न वाजवली तर? 'सुंई.' न वाजवली तर एखाद्या लेकराचा डोळा.

त्यांनी शिट्टी खाली सोडली. बारा तर आहेत, एक-एक तपासू, पाच मिनिटांचं काम. हा हिशेब त्यांनी कुणाच्या भरवशावर केला ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"थांब बेटा, तुझी माशी दाखव." अंगठा. सपाट.

"सर, मेरा तो खराब दिया है," प्रशिक तक्रार करत होता. "इसमें काँटा ही नहीं है, मछली भाग जाएगी."

"खराबच चांगलं," सर म्हणाले. त्यांची जीभ टाळूला चिकटली होती. अंगठा घामानं इतका बुळबुळीत झाला होता की प्रत्येक टोक दोनदा, तीनदा चाचपावं लागे. त्या वेळात उरलेल्या दोऱ्या हवेतच असत. प्रत्येक आवाजाला त्यांची मान आत ओढली जाई.

सहा झाली. सात. आठवी माशी झुडपात अडकलेली, ती सोडवेपर्यंत गंधाली नावाची पोट्टी खुदकन हसली, "सर डर गए क्या?"

"कशाले भेतो मी!"

नऊ. दहा.

श्रावणी रांगेत तिसरी उभी होती. तिला त्यांनी मघाशीच वगळलं होतं. पंगतीत घरचं माणूस शेवटी बसतं; आपल्या नातीची माशी आधी पाहिली तर लोक म्हणतील, म्हातारा आपलंच पाहतो. हे असलं भान त्यांना त्याही अवस्थेत होतं. माणूस बुडताना धोतर सावरतो, तशातला प्रकार.

अकरावी. अंगठा. सपाट.

ते वळले. बांधाच्या त्या टोकाकडे श्रावणी दोरी पुन्हा पुन्हा मागे नेत होती. छान नेत होती, त्यांनीच दाखवली तशी. आणि तिच्या मागे, जिथे कुणीच असायला नको होतं, तिथे प्रशिक उकिडवा बसून आपला गुंता सोडवत होता. तोंड वर करून.

शिट्टी ओठांत घातली आणि फुंकली. कोरड्या तोंडातून नुसती हवा गेली. मग ते धावले. सत्तरीच्या माणसानं धावावं तसे, आधी छाती आणि मागून पाय. प्रशिकच्या गालापुढे हात उघडा धरला. दोरी आली, ताणली गेली, आणि श्रावणीनं जोरात पुढे ओढली.

माशी त्यांच्या तळव्यात, अंगठ्याच्या बुडाशी, खोल रुतली.

"आबा!" श्रावणी ओरडली. काठी टाकून धावत आली. "आबा, मले माहीत नव्हतं तुम्ही मागं आहे! रक्त येऊन राहिलं, आबा!"

एवढं मराठी ती वर्षभरात बोलली नव्हती.

दीपमाला मॅडमनी हात धरला, माशी हलवून पाहिली. सर कळवळले. "सर, हा निघत का नाही? तुम्ही तर म्हटलं होतं, गळ म्हणजे नुसती वाकडी सुई."

अजूनही वाव होता. अपघात म्हणता आलं असतं. बाराही जण भोवती गोळा झाले होते. प्रशिक आपला गाल खाजवत होता, त्याला काही पत्ताच नव्हता. आणि श्रावणी रडत होती, "मी जोरात खींचा, मॅडम, माझीच गलती."

"झाकणातली मीच दिली तिला," मॅडम म्हणाल्या. "सरांची नात, म्हटलं खास माशी तिला."

गुलाबरावांनी एकदा नातीकडे पाहिलं. "गलती ना तिची, ना तुमची," ते म्हणाले. "त्या माशीचा दात मी दाबलाच नव्हता. अन् डब्यात नाही हे मले केव्हाचं माहीत होतं. शिट्टी वाजवली नाही."

मॅडमनी त्यांच्या गळ्यातली शिट्टी काढून घेतली.

उरलाच्या दवाखान्यातल्या डॉक्टरला मजुरांच्या हातांतून लोखंड काढायची सवय होती. त्यानं गळ मागे ओढला नाही, पुढेच ढकलला. टोक कातडीतून बाहेर आलं, तसा कटरनं दात छाटून टाकला आणि उरलेली वाकडी सुई अलगद मागे काढली. छाटलेला दात ट्रेमध्ये पडला तेव्हा एवढासा आवाज झाला. "ये पहले ही कर देते, काका," तो म्हणाला.

आता कुणी काय भरलं ते. प्रशिकनं काहीच नाही. आजोबा-नातीचा जेवणाचा डबा उघडून त्यानं दोघांचे पोहे खाल्ले. दीपमाला मॅडमना रजिस्टरात अर्धं पान लिहावं लागलं, आणि त्या तेव्हापासून 'सर' न म्हणता 'काका' म्हणतात. साहेबांच्या माशीचा दात गेला. गुलाबरावांना तीन टाके पडले, आणि भीमाबाईंनी त्याच आठवड्यात मोतीबिंदूची तारीख घेतली.

महिन्याभरानं, चष्मे लावून, कार्यक्रम पुन्हा सुरू झाला. काकांच्या गळ्यात शिट्टी नव्हती. बांधावर अकरा जण होते.

श्रावणी आता रोज संध्याकाळी मोबाइल बाजूला ठेवून त्यांच्याजवळ बसते, तळहात उलटा करून पाहते. "दुखते का, आबा?" असं मराठीतच विचारते. ते नाही म्हणतात. तिचा विश्वास बसत नाही, ती पुन्हा पाहते. तिची काठी दाराआड दोरी गुंडाळून उभी आहे. त्यांनी एकदा ती पुढे केली, तेव्हा तिनं दोन्ही हात पाठीमागे लपवले.