गोरखच्या गाडीचे ब्रेक

गोरखची गाडी तशी गुणाची होती, फक्त थांबायचं म्हटलं की तिच्या जिवावर यायचं. जुनी चार दारांची गाडी, चारी चाकांना ड्रमचे ब्रेक. लोणीहून मंचरला, आपल्या खताच्या दुकानावर, तो रोज तिनंच ये-जा करायचा. मंचरचा मिस्त्री सावळाराम दोनदा बोलला होता, "गोरखभाऊ, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवून घ्या. पाय ठेवला की गाडी जागेवर उभी ऱ्हातीय बघा." गोरख म्हणायचा, बघू. आपल्याकडं 'बघू' म्हणजे काय, ते का सांगायला हवं? पैशाची अडचण नव्हती. दोन दिवस गाडी मिस्त्रीकडं सोडायचा कंटाळा, दुसरं काही नाही.

त्या कंटाळ्यापायी मेंढरं राखणारी तुकाबाई गेली. अवसरी खुर्दच्या अलीकडं कालव्याचा पूल आहे, त्याच्या उतारावर. मेंढरं रस्ता ओलांडून गेली होती, मागं राहिलेलं कोकरू काखेत घेऊन ती निघाली होती. रस्त्याकडेच्या बाभळीशी आल्यावर ती दिसली, गोरख ब्रेकवर अक्षरशः उभा राहिला. गाडी सरकत गेली ती गेलीच.

भैरवनाथाच्या देवळात पंच बसले. गोरखनं शपथेचा बेलभंडार उचलला आणि सांगितलं, "ब्रेक चांगले व्हते. बाई एकदम आडवी आली. कुठलीबी गाडी थांबली नसती."

तुकाबाईचा नवरा म्हस्कू खाली बघत बसला होता. त्यानं एवढंच विचारलं, "कुठलीबी न्हाई?"

"कुठलीबी न्हाई."

मेलेलं माणूस काय परत येत नाही, असं चार शहाणे बोलले आणि धोतर झटकून उठले. जळो मेलं ते शहाणपण! म्हस्कू मेंढरांमागं निघून गेला.

आता खरी पंचाईत झाली. गोरखला ब्रेक बदलायचे होते, पण चुलतभाऊ संपत अंगावर आला. "येड लागलंय का तुला? आत्ता बदललंस तर गाव म्हणंल, आधीचं खराब व्हतं. देवाम्होरं खोटं बोलला म्हणतील. गप ऱ्हा." गोरख गप राहिला. आठ महिने तीच गाडी, तेच ब्रेक, तोच उतार. पूल आला की पाय आधीच ब्रेकवर जायचा, रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी.

शेवटी बायको प्राचीच बोलली. शाळेला निघालेल्या लेकीला, समृद्धीला, तिनं गाडीतून हाताला धरून खाली उतरवलं. "तुमी देवाला काय सांगायचं ते सांगितलंत. पण माझी पोर या गाडीत बसायची न्हाई."

हे मात्र वर्मी लागलं. त्याच दिवशी गाडी सावळारामकडं गेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी गाडी मिळाली. घरी जाताना गोरख पूल ओलांडून थोडा पुढं गेला, गाडी फिरवली आणि उतारावरून परत आला. तोच वेग, तीच बाभळ. बाभळीशी आल्यावर त्यानं ब्रेक दाबला. खरं सांगायचं तर गाडी थांबू नये, असंच त्याला वाटत होतं. मग शपथ खरी ठरली असती.

गाडी थांबली. गोरख उतरला, तुकाबाई पडली होती तिथपर्यंत पुढं पावलं मोजत गेला. नऊ भरली. नऊ पावलं! कोकरासकट घरी गेली असती बाई.

टायरचा आवाज ऐकून कालव्याच्या कडेनं म्हस्कू वर आला. त्यानं गाडीकडं पाहिलं, रस्त्यावरच्या काळ्या पट्ट्यांकडं पाहिलं.

"ब्रेक बदललं व्हय?"

"व्हय."

"त्या दिशी हेच असतं तर?"

गोरखकडं उत्तर तयार होतं. उतार, खडी, नशीब, वाट्टेल ते. आठ महिन्यांत सगळं घोटून पाठ झालं होतं. पण तोंडातून आलं ते वेगळंच.

"थांबली असती, म्हस्कूतात्या. मिस्त्री आधीपासनं सांगत व्हता. मीच ऐकलं न्हाई."

म्हातारा आता काठी घालणार, असं गोरखला वाटलं. घातली असती तर बरं झालं असतं. पण म्हस्कूच्या हातातनं काठीच गळून पडली.

"आठ म्हयनं मी तिलाच बोल लावला रं," तो म्हणाला. "रोज शिव्या दिल्या. बघून चालायला काय झालं व्हतं भवानीला, म्हून."

आणि तो तिथंच, ती पडली होती त्या जागी, रस्त्यावर खाली बसला.