वर्षालीचं काळं नख

बाळांनो, जरा डोळ्यांसमोर आणा बरं. कुरुळीच्या रस्त्यावर एक लहानसं दुकान आहे. बाहेरून कंपन्यांच्या बस धूळ उडवत चालल्यात आणि तुमच्यासमोर सॉफ्टी आइस्क्रीमचं उंच, चकचकीत मशीन उभं आहे. दांडा ओढला की पांढरं वेटोळं कोनात उतरतं. आता असं समजा, ते मशीन रोज सकाळी धुवायचं काम तुमचं आहे.

वर्षालीचं ते काम होतं. दुकान तिच्या आईचं, आणि आईच्या मागे लागून लागून तिनं ते मिळवलं होतं. मशीनचं तोंड उघडायचं, आतली रबरी रिंग कोमट पाण्यात धुवायची, तिला पांढरं ग्रीस लावायचं आणि परत बसवायची. ते ग्रीस पोटात गेलं तरी चालणारं असतं. ते लावलं नाही, तर रिंग चिरते आणि दूध गळायला लागतं. हे सगळं तिला मोशीच्या रोहिदासमामांनी शिकवलं होतं. मशीनची दुरुस्ती तेच करत.

त्या सकाळी पांढऱ्या ग्रीसची ट्यूब पिळून पिळूनही काही निघेना. "संपत आली की सांग," असं आईनं बजावलं होतं, पण वर्षाली विसरली होती. आता सांगितलं तर काम हातचं जाणार! तिची नजर फळीवर गेली. मोटारसायकलच्या चेनला लावायला पप्पांनी कंपनीतून आणलेल्या ग्रीसचा डबा तिथं होता. तिच्या घरात कुठलीही वस्तू करकरली की तेच काळं ग्रीस लागायचं. मग इथं का नको? तिनं बोटभर घेतलं आणि रिंगला चोपडलं.

दुपारी दुकानाच्या जागेचे मालक उद्धवराव नातीला घेऊन आले. नातीनं पहिलाच घास थू करून टाकला. पांढऱ्या सॉफ्टीत काळी रेघ होती आणि रॉकेलसारखा वास येत होता.

आईनं मशीन बंद करून रोहिदासमामांना बोलावून घेतलं. "भाऊ, वर्षाली तर रोज ट्यूबमधलं पांढरंच लावते. काल आतून मशीन तुम्हीच उघडलं होतं की!"

मामांनी रिंग हुंगली. "ताई, हे म्या न्हाई लावलं. असलं ग्रीस माझ्या पिशवीतच नसतं."

"मग काय आभाळातून पडलं व्हय रं?" उद्धवराव कडाडले. "ट्रकचं ग्रीस लेकरांच्या तोंडात घालतोस? माझ्या मोशीच्या नव्या दुकानातली मशिनं तुझ्या हवाली करणार हुतो मी. आता ऱ्हाऊ दे. चार लोकांना सांगतोच, रोहिदासच्या हातात मशीन देऊ नका म्हणून."

गिऱ्हाईकं बघत होती. मामांची मान खाली गेली. वर्षालीचे कान तापले. 'मी लावलं,' एवढं म्हणायचं होतं, पण तिनं हात फ्रॉकच्या मागे लपवला.

मामा भांडले नाहीत. त्यांनी मशीनमधलं सगळं दूध ओतून दिलं आणि खाली बसून एकेक भाग घासायला घेतला. वर्षाली बादली द्यायला पुढं झाली, तशी त्यांची नजर तिच्या बोटावर गेली. नखात काळं ग्रीस भरलं होतं.

मामा थांबले. त्यांनी आईकडे पाहिलं नाही, की उद्धवरावांकडे. साबणाची वडी तिच्यापुढे सरकवली आणि हळूच म्हणाले, "हात धू, बाळ."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. तिला वाटलं, अंगावरच्या फ्रॉकसकट आपण बादलीत बुडून जावं. बाहेर उद्धवरावांनी नातीला पुढं बसवून स्कूटर चालू केली. आता ते मोशीला जाणार, आणि मामांचं नाव तिथंही खराब होणार.

वर्षालीनं साबणाला हात लावला नाही. ती पळत रस्त्यावर गेली, स्कूटरच्या आडवी उभी राहिली आणि काळ्या नखाचं ते बोट तिनं उद्धवरावांपुढे धरलं.