बहिरा पाहुणा

"आधी माशाअल्लाह म्हणा तोमभाऊ, मगच खोका उघडतो," उस्ताद सिद्दीग म्हणाला आणि झाकणावर दोन्ही हात दाबून उभा राहिला.

मी समोर चहा गाळत होते. अबू हमदच्या बाजारात तोमचे दुरुस्तीचे दुकान आणि माझी शेगडी यांच्यात चार पावलांचे अंतर आहे. तिथे बोललेले सगळे माझ्या कानावर येते, आणि खरे सांगायचे तर कानावर आलेले माझ्या तोंडात राहत नाही. तोमने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला, फेटा मागे सारला आणि खोक्याऐवजी उस्तादाच्या तोंडाकडे बघितले.

"देवाचं नाव मी नमाजात घेतो, सिद्दीग. पत्र्याच्या डब्याला भिऊन नाही घेणार. उघडायचा तर उघड, नाहीतर बतूलचा चहा पी आणि जा."

उस्तादाची पंचाईत झाली. दाखवायची हौस तर होतीच, भीतीही होती.

आम्ही रुबाताब, नाईलच्या या वळणावरची माणसे. जमीन आमच्याकडे बेताची, खजूर बरी, जीभ मात्र भरपूर. समोर काही आले की ते कशासारखे दिसते हे आमच्या ओठांवर आधी येते, सलाम मागाहून. आणि लोकांची समजूत अशी की उपमा अचूक बसली तर ज्याला दिली त्याचे वाटोळे होते. गाय आटते, चाक निखळते, मूल आजारी पडते. म्हणून बोलणाऱ्याने लगेच माशाअल्लाह म्हणायचे, म्हणजे दृष्ट लागत नाही. बोलतो आम्ही सगळेच, पण नाव एखाद्याचेच होते. आमच्या बाजारात ते तोमचे झाले होते.

तीस वर्षांपूर्वी त्याच्या चुलतभावाने नदीकाठी नवा पंप बसवला. तोम बघायला गेला आणि म्हणाला, "वाटणीचा विषय निघाला की तुझा सासरा खोकतो ना, तसा खोकतोय." तिसऱ्या दिवशी पंप बंद पडला. बेअरिंग गेले आहे, उद्या येऊन बदलून देतो, असेही तोम त्याच दमात म्हणाला होता. ते कुणाच्या लक्षात नाही. सासऱ्याचा खोकला सगळ्यांच्या लक्षात आहे. तेव्हापासून तोम दिसला की बायका पोरांच्या तोंडावर पदर ओढतात. त्याची स्वतःची सून, तो घरात शिरला की तान्हीला खांद्यावर पालथी घालते. यावर तोम हसतो. ते हसणे मी जवळून पाहिले आहे, त्याला हसणे म्हणत नाहीत.

हाच उस्ताद महिन्यापूर्वी तोमकडे आला होता. मुलांच्या शाळेत विज्ञान शिकवायचा. चार महिने पगार नव्हता, अर्धे मास्तर सोन्याच्या मागे वाळवंटात गेले होते, यानेही जायचे ठरवले. पहिलीच खेप, काय काय घेऊ, असे त्याने विचारले आणि तोमने हातातले काम टाकून त्याला तासभर दिला. सोने हुडकायचे यंत्र नवे घेऊ नकोस, मोठे घेऊ नकोस. कुणाचे तरी वापरलेले घे, खालची थाळी लहान असलेले, मोठी थाळी नवशिक्याला नुसती फिरवते. हेडफोन कान पूर्ण झाकणारे हवेत, नाहीतर वाऱ्यातच सोने ऐकू येईल. थाळीला कव्हर घाल, दगडांवर घासून मरते ती. दोन बॅटऱ्या, एक छोटी कुदळ, तिच्या दांड्याला लोहचुंबक, म्हणजे मातीतले खिळे आधी बाजूला होतात. माती उचलून बघायला प्लॅस्टिकचा डाव, लोखंडाचा नको. हातातले घड्याळ घरी ठेव.

"आणि यंत्र सोनं दाखवत नाही," तो शेवटी म्हणाला. "ते नुसतं कण्हतं. अंगणात खिळा पूर, शिशाची गोळी पूर, बाटलीचं बूच पूर, आणि दहा दिवस ऐकत बस. कान तयार झाला की जा."

उस्तादाने सगळे वहीत लिहून घेतले. मग आईच्या वाट्याची सात खजुरीची झाडे विकली आणि सरळ यंत्रे विकणाऱ्या जुबैरच्या, काचा लावलेल्या दुकानात गेला. तिथे पंखा नाही, गार हवेचे यंत्र आहे. झाडे विकून आलेल्या माणसाला दहा दिवस खिळा ऐकत बसायचा सल्ला कशाला रुचेल?

तर तो खोका शेवटी उघडला. आत बंदुकीसारखी मूठ असलेली वस्तू, पुढे दोन चकचकीत दांड्या, वर रंगीत दिव्यांचा पडदा. बरोबर टॉर्च, टोपी, हातमोजे, होकायंत्र आणि झालर लावलेली पिशवी.

"कानाला लावायचं कुठंय?" तोमने विचारले.

"याला लागत नाही. पडद्यावर बाण दिसतो. पंधरा मीटर खोलवरचं दाखवतं."

"आणि जमिनीवरून फिरवायची थाळी?"

"ती पण लागत नाही."

तोम बराच वेळ बघत राहिला. त्याचे डोळे बारीक झाले. ते तसे झाले की मी हातातले काम थांबवते.

"हा लग्नातला बहिरा पाहुणा आहे," तो म्हणाला. "नटूनथटून पुढच्या रांगेत बसलाय, आणि गाणं कुठलं चाललंय याचा पत्ता नाही."

मी इतकी हसले की चहा सांडला. उस्तादही हसला, आणि मग त्याचा चेहरा उतरला. माशाअल्लाह म्हणा, असे तो दोनदा म्हणाला. तोमने त्याला खोका बंद करून हातात दिला. हे आजच्या आज परत कर, यात ऐकणारे काही नाही, असे त्याने तीन वेळा बजावले. तीन वेळा. मी मोजले आहेत आणि कुणी विचारले तर शपथेवर सांगेन. कुणी विचारलेले नाही.

आणि संध्याकाळपर्यंत तो बहिरा पाहुणा मी निदान वीस गिऱ्हाइकांना ऐकवला होता. हे पाप माझे.

उस्ताद तीन आठवड्यांनी परतला. ओठ फुटलेले, तळहात सोललेले. त्याच्या यंत्रावर विसंबून आणखी चौघे गेले होते. बाण दाखवेल तिथे पाच जणांनी कमरेइतके खड्डे खणले आणि त्यातून मातीच निघाली. शेजारच्या तळावर एक म्हातारा चिकटपट्ट्या लावलेले जुने यंत्र घेऊन फिरत होता, त्याला रोज काही ना काही मिळत होते.

उस्ताद जुबैरकडे गेला. जुबैरने यंत्र चालू केले, हळूच मनगट वाकवले आणि बाण त्याच्याच सोन्याच्या अंगठीकडे वळला. यंत्र तर उत्तम आहे, तो म्हणाला, वाळवंटात नेण्याआधी कुणाला दाखवले होते काय? उस्तादाने मान खाली घातली. माझ्या शेगडीवरून निघालेला बहिरा पाहुणा काचेच्या दुकानात केव्हाच पोचला होता. मग यंत्र बहिरे झाले यात माझा काय दोष, जुबैर म्हणाला, दृष्टीची हमी कुठलाच कारखाना देत नाही.

दोघे आणि त्यांच्यामागे निम्मा बाजार तोमच्या दुकानापुढे आला. उस्तादाने खोका फळीवर ठेवला. हातात धुपाची पुडी होती.

"तोमभाऊ, तुमचे शब्द मागं घ्या," तो म्हणाला. "यावर धूप फिरवा आणि माशाअल्लाह म्हणा. एवढंच मागतोय."

"तू पोरांना लोहचुंबक शिकवतोस ना रे?"

"शिकवतो. पण तीन आठवडे मी तिथं होतो. त्यानं सोनं एकदाही दाखवलं नाही."

तोमने खोक्यातून यंत्र बाहेर घेतले, त्याचे चार स्क्रू काढले आणि झाकण सगळ्यांसमोर उलटे ठेवले. आत टॉर्चची बॅटरी होती. तिच्यापासून दिव्यांना आणि खेळण्यातल्या भोंग्याला दोन वायरी गेल्या होत्या. पडद्यावरच्या बाणाची पट्टी एका सैल खिळ्यावर डुलत होती, हात वाकेल तिकडे वळणारी. बाकीच्या जागेत वजनासाठी फडक्यात गुंडाळलेला प्लास्टरचा गोळा. पुढच्या दोन्ही दांड्या कशालाच जोडलेल्या नव्हत्या.

मला वाटले, आता जुबैरची धडगत नाही. मी उकळती किटली हातात धरून उभी होते आणि तिचा उपयोग कुणाला करायचा असेल तर द्यायला तयार होते.

"या अल्लाह," मागून खाटीक म्हणाला, "आतलं सगळं खाऊन टाकलं की याच्या नजरेनं."

आणि गर्दी एक पाऊल मागे सरकली. तोमपासून. जुबैर हुशार, तोही त्यांच्याबरोबर सरकला.

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते मी ऐकून होते, त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले. नजर प्लास्टर कालवते होय रे, असे मी ओरडले. बतूल, तू चहा ओत, असे मला सांगण्यात आले. पण माझा खरा संताप खाटकावर नाही, तो अडाणी आहे. जुबैरवरही नाही, लबाडी हा त्याचा धंदाच. माझा संताप उस्तादावर आहे. त्याने त्या वायरींकडे बघितले तेव्हा मी त्याचा चेहरा बघत होते. त्याला एका नजरेत सगळे कळले होते. एक वाक्य बोलायचे होते त्याने, मी फसलो, एवढेच. पण मग आईला सांगावे लागले असते की तुझी सात झाडे प्लास्टरच्या गोळ्यापायी गेली. दृष्ट लागलेल्याची लोक कीव करतात, फसलेल्याला हसतात.

त्याने स्क्रू फळीवरच सोडून यंत्राचे झाकण दाबून बसवले, खोका छातीशी धरला.

"नजरच लागली," तो म्हणाला, आणि घरी गेला.

आठवड्याभरात जुबैरच्या दुकानात प्रत्येक यंत्राला चामड्याच्या वादीत ओवलेला निळा मणी लटकू लागला. पहिल्या खेपेला निघालेल्यांनी काय काय घ्यावे याची यादीच त्याने काचेवर चिकटवली: हेडफोन, कव्हर, कुदळ, मणी. गिऱ्हाइके त्याला तोमचा मणी म्हणत. ती यंत्रे घेऊन लोक आमच्या गल्लीतून जात तेव्हा तोमच्या दुकानापाशी थाळी दुसऱ्या बाजूला फिरवत. दुरुस्तीला कुणी येईना. पंप नाहीत, रेडिओ नाहीत. तो दिवसभर तेच चार स्क्रू पुसत बसे.

एका दुपारी, ऊन टाळायला सगळा बाजार आडवा झालेला असताना, उस्ताद आला. रिकाम्या हाताने. दाराशी उभा राहिला. मला वाटले, आता तोम त्याला असे काही म्हणेल की ते नातवंडांपर्यंत पुरेल. मी कान टवकारले.

तोम आत गेला आणि स्वतःचे जुने यंत्र घेऊन आला, दांड्याला चिकटपट्ट्या लावलेले. मग एकेक वस्तू फळीवर मांडली. कान झाकणारे हेडफोन. प्लॅस्टिकच्या घमेल्यातून कापून बनवलेले थाळीचे कव्हर. दोन बॅटऱ्या. कुदळ, दांड्याला रबराने बांधलेले लोहचुंबक. डाव. दारापुढच्या मातीत एक खिळा आणि शिशाची गोळी पुरली. त्याने उस्तादाच्या मनगटावरचे घड्याळ सोडवून त्याच्याच खिशात टाकले, हेडफोन त्याच्या डोक्यावर चढवले आणि हात धरून थाळी जमिनीलगत, सावकाश, खिळ्यावरून, मग गोळीवरून, मग पुन्हा खिळ्यावरून फिरवली. उस्तादाने मान हलवेपर्यंत फिरवली. एवढा सगळा वेळ फेट्याचा शेमला त्याने तोंडावरून घट्ट ओढून घेतला होता, वाळूचे वादळ आले की आम्ही घेतो तसा. वारा अजिबात नव्हता.

"तोमभाऊ, काहीतरी बोला," उस्ताद म्हणाला.

तोमने हातानेच जा म्हटले.

तो गेल्यावर मी तरातरा गेले. एवढे झाल्यावर त्याला कशाला दिलेत, असे विचारले. तोमने शेमला थोडा खाली केला.

"झाडं त्याच्या आईची होती," तो म्हणाला.

उस्तादाला पुढे थोडेफार मिळाले म्हणतात. यंत्र त्याने पुसून परत आणून दिले. मी फसलो, हे एक वाक्य मात्र अजून कुणाला दिलेले नाही.

हिवाळ्यात माझी किटली फुटली आणि मी नवी घेतली. लांब सोंडेची, बुडाला थोडी बसकी, इतकी चकचकीत की तीत माझे नाक सांडशीएवढे दिसे. मी ती शेगडीवर चढवलीच नाही. गिऱ्हाइकांना थांबवून ती तशीच, फडके न टाकता, तोमच्या फळीवर नेऊन ठेवली.

"बोला," मी म्हटले. "कशासारखी दिसते?"

त्याने किटलीकडे बघितले. सोंडेपासून बुडापर्यंत बघितले, आणि त्याचे डोळे बारीक झाले, पूर्वी व्हायचे तसे. काहीतरी ओठांपर्यंत आले होते, देवाशपथ आले होते. मी हसायच्या तयारीत होते.

त्याने शेमला तोंडावर ओढला आणि भिंतीकडे मान फिरवली.

"माशाअल्लाह," तो म्हणाला. "माशाअल्लाह. चांगली आहे."

मी किटली उचलून शेगडीवर आणून ठेवली. ती अजून आहे, काळी पडली, दोनदा झाळून झाली. ती कशासारखी दिसते ते मला कुणी सांगितलेले नाही.