वाळूच्या पातेल्यात इंजिन

वीणाताईंना ती मोटरसायकल कधीच आवडली नव्हती. लग्नानंतर महिन्याभरात तिच्या सायलेन्सरने त्यांची पोटरी भाजली होती आणि तो डाग अजून होता. पुण्याहून फरीदाबादला बिऱ्हाड हललं, तेव्हा ट्रकमध्ये जागा नाही म्हणून त्यांचं शिलाई मशीन मागे राहिलं आणि ही चौसष्ट सालची जावा मात्र गादीत गुंडाळून आली, हेही त्या विसरल्या नव्हत्या. तरी आज, रविवारी, ती गाडी दुरुस्त झालीच पाहिजे असा त्यांनी चंग बांधला होता.

कारण होते पद्माकरराव. त्यांच्या कारखान्यात परदेशी भागीदार आला, संगणकावर चालणारी मशिनं आली आणि जुन्या इंजिनिअरांना स्वेच्छानिवृत्ती देण्यात आली. तिच्यात स्वेच्छा सोडून बाकी सगळं होतं. तेव्हापासून हा माणूस मिटल्यासारखा झाला. दाढी करताय का? बघू. गुरगावला मुलाकडे, अनिशकडे जाऊन येऊ या? बघू. त्या 'बघू'ने वीणाताईंचं डोकं उठलं होतं. खुर्चीतून त्यांना उठवणारी एकच वस्तू होती, बाल्कनीत उघडून ठेवलेलं ते इंजिन.

त्या इंजिनचं दुखणं साधं होतं, पण चिवट. इंजिनचं अ‍ॅल्युमिनियमचं कवच दोन भागांचं, आणि बेअरिंग ज्या खोबणीत घट्ट बसतं ती खोबण दोन्ही भागांत झिजून सैल झाली होती. आजवर दिल्लीतल्या प्रत्येक मिस्त्रीने तिच्या कडेला टोकदार लोखंडी पंचाने ठोके मारून वेळ निभावली होती. पद्माकररावांनी ती ठोक्यांची चाळण लेथवर साफ करून घेतली आणि स्वतः दोन लोखंडी कड्या बनवून आणल्या. कडी खोबणीपेक्षा केसभर मोठी. कवच तापवून फुगवायचं, कडी फ्रीजरमध्ये आक्रसवायची आणि एका दमात आत सोडायची. मध्येच अडकली तर काढताना कवच तडकणार, आणि तसं दुसरं कवच करोल बागेतही मिळत नव्हतं.

"आज डाव्या बाजूची कडी बसली तर ठीक," ते सकाळी म्हणाले होते, "नाहीतर संध्याकाळी कबाडीवाला येतोय. सांगून ठेवलंय त्याला."

आणि वीणाताईंना पक्कं ठाऊक होतं, की गाडी गेली तर हा माणूस खुर्चीतून पुन्हा उठायचा नाही.

त्यांनी कवच साबणाने तीनदा घासून आपल्या नव्या ओव्हनमध्ये ठेवू दिलं. फ्रीजरमध्ये खवलेल्या नारळाच्या पिशव्या सरकवून कडीला जागा केली. ओव्हन तापतोच आहे तर नंतर नानकटाई करू, म्हणून पीठही मळून ठेवलं. आणि दहा मिनिटांत लाइट गेली.

पद्माकररावांनी अंधारलेल्या ओव्हनमधून कवच बाहेर काढलं. मग हात पुसत म्हणाले, "झालं. आता रात्रीपर्यंत येत नाही ती. राहू दे, वीणा."

"गॅस आहे की."

"ज्वाळेवर धरलं तर वाकेल ते. सगळीकडून सारखं तापायला हवं."

"सगळीकडून सारखं?" वीणाताई कडाडल्या. "अहो, ओव्हन परवा आला! अनिशच्या प्रत्येक वाढदिवसाचा केक कशावर झाला? वाळूवर! कधी एका बाजूने करपला होता?"

"वीणा, हा केक नाहीये."

"चार महिने तुमचं 'बघू' ऐकतेय. आज मी बघते. तो माळ्यावरचा डबा काढा आधी."

वाळूचा डबा त्यांनी पुण्याहून जपून आणला होता. सगळ्यात मोठ्या पातेल्यात वाळू ओतली, तिच्यावर जाळीचा स्टँड, स्टँडवर कवच, वर जड झाकण. गॅस मध्यम. पद्माकरराव दाराशी उभे राहून बघत होते. मग हळूहळू जवळ आले.

"किती तापलंय ते कळणार कसं?" त्यांनी विचारलं. खूप दिवसांनी त्यांनी स्वतःहून काही विचारलं होतं.

वीणाताईंनी पिठाचा एक गोळा चपटा करून कवचाच्या सपाट कडेवर ठेवला. "ह्या नानकटाईला रंग आला की तुमचं इंजिन झालं."

ते हसले नाहीत, पण स्टूल ओढून पातेल्याशेजारी बसले. पहिल्यांदा झाकण उघडलं तेव्हा गोळा पांढराच होता. दुसऱ्यांदा नुसता पसरला होता. वीणाताईंनी आच जराही वाढवू दिली नाही. मग घरात तुपाचा आणि जुन्या ऑइलचा एकत्र वास सुटला, आणि नानकटाईच्या कडा बदामी झाल्या.

"चला," वीणाताई म्हणाल्या.

पद्माकररावांनी जाड हातमोजे घालून कवच पाटावर ठेवलं. वीणाताईंनी फ्रीजरमधून कडी काढली आणि सांडशीत धरून त्यांच्या हातात दिली. कडी खोबणीवर आली आणि त्यांचा हात तिथेच थबकला. चुकलं तर सगळंच संपणार होतं, ते दोघांनाही कळत होतं.

"अहो, निवतंय ते! सोडा!"

त्यांनी सोडली. कडी तळापर्यंत गेली आणि टक्कन वाजली. पद्माकररावांनी ती लाकडी ठोकळ्याने दाबून धरली, कितीतरी वेळ. मग अंगठ्याने ढकलून पाहिलं. ती जागची हलली नाही. वीणाताईंना एकदम रडू आलं, आणि ते लपवायला त्या फ्रीजरमधल्या नारळाच्या पिशव्या नीट लावू लागल्या.

संध्याकाळी खालून हाक आली. कबाडीवाला आला होता. वीणाताई काही बोलण्याआधीच पद्माकरराव ती ऑइलच्या वासाची नानकटाई खात बाल्कनीत गेले.

"साहब, वो मोटरसाइकल देनी थी ना?"

"नहीं देनी."

"तो कल आ जाऊँ?"

"कल बिल्कुल टाइम नहीं है, भैया. कल दूसरी साइड बिठानी है."

स्वयंपाकघरात वीणाताई निवलेली वाळू डब्यात भरत होत्या. त्यांनी डबा माळ्यावर न ठेवता ओट्याखालीच ठेवला.