जेवा तुमी, आबा

"आबा, बास की आता!" उत्कर्षानं ताट ढकललं आणि दोन्ही कान दाबून ती ताडकन उभी राहिली.

दत्तोबांच्या तोंडातला घास तसाच राहिला. संभाजीनं लेकीवर हात उगारला. "आज्याशी असं बोलत्यात व्हय गं?"

"हात लावू नगंस तिला," दत्तोबा म्हणाले. पण त्यांच्याही जिव्हारी लागलं होतं. बावड्यातल्या या घरात रात्री सगळ्यांनी एका पंगतीला बसायचं, ही रीत त्यांनीच घातलेली. आणि आता सहावीतल्या नातीला त्यांच्याच जेवण्याची शिसारी यावी?

पोरगी नुसती चिडत नव्हती. कुणी घास चावला, चहा भुरकला की ती थरथरायची. मग मोरीवर जाऊन पुन्हा पुन्हा हात धुवायची, मनासारखं होईपर्यंत. तिच्या बोटांची सालटी निघाली, तेव्हा सून अनितानं हट्टानं तिला बारामतीला डॉक्टरांकडं नेलं. सोबत दत्तोबाही गेले.

"ही उद्धट नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हा मंत्रचळाचा, म्हणजे ओसीडीचा आजार आहे. अशा काही मुलांना ठरावीक आवाज सोसत नाहीत. आपल्याला नुसती मचमच वाटते, तिला कुणीतरी अंगावर धावून आल्यासारखं होतं."

उत्कर्षा मान खाली घालून पुटपुटली, "मला आबा आवडत्यात. त्यो आवाज सोसत न्हाय."

दुसऱ्या दिवसापासून दत्तोबा ताट घेऊन डाळिंबाच्या बागेतल्या शेडात जाऊ लागले. "तितं गार वाटतं," असं सांगायचे. घर शांत झालं. पण थोड्याच दिवसांत पोरीला आईचं चावणंही ऐकवेना.

पुढच्या खेपेला डॉक्टरबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं. "आबा, तुम्ही मायेनंच केलंत. पण एकेक जण असा बाजूला होत गेला, तर तिची भीती वाढेल. तिच्यासमोर बसून जेवा. थोडाच वेळ. कधी उठायचं ते तिला ठरवू द्या."

"आन् तिला तरास झाला तर?"

"होईल. तो थोडा थोडा सोसायला ती शिकेल."

शेडात जाणं सोपं होतं. हे अवघड होतं. त्या रात्री दत्तोबा नातीसमोर बसले आणि भाकरी दुधात कुस्करून न चावताच गिळू लागले. त्यांना ठसका लागला.

"आबा, नीट खावा," उत्कर्षा म्हणाली. तिच्या मुठी आवळलेल्या होत्या. "मला ऐकायचंय."

दत्तोबांनी वांग्याच्या कालवणात भाकरी बुडवली आणि घास चावला. पोरीचे डोळे भरून आले. त्यांनी आणखी एक घास घेतला. तिनं ओठ घट्ट मिटले, पण ती बसून राहिली. मग मात्र तिला राहवेना. ती उठली, मोरीकडं निघाली, मध्येच थबकली आणि दाराच्या चौकटीला धरून पाठमोरी उभी राहिली. संभाजी काही बोलणार तोच अनितानं त्याला नजरेनं गप्प केलं.

"जेवायचं थांबू का पोरी?" दत्तोबांनी विचारलं.

"न्हाय." तिनं चौकट आणखी घट्ट धरली. "जेवा तुमी, आबा."

दत्तोबांनी पुढचा घास घेतला, आणि तो नीट चावून खाल्ला.