तिसरा अंतरा

गाणं जेवढं लांब, तेवढा हॉल लांब व्हायचा. इचलकरंजीतल्या सुताला खळ लावणाऱ्या एका बंद पडलेल्या सायझिंग कारखान्याच्या माडीवर महिला मंडळाचा हॉल होता. तिथं टेप सुरू झाला की भिंती गाण्याच्या मापानं सरकायच्या. याचं कुणाला अप्रूप राहिलं नव्हतं. झाडू मारताना टेप बंद ठेवायचा, एवढा एकच नियम मंडळानं केला होता.

मालाताई चौगुले नाच बसवायची. नाच लाकडी चपलांचा. तिनं आणि पद्मा मगदूमनं तरुणपणी लूमच्या खात्यात शेजारी बसून सुताच्या कांड्या भरल्या होत्या. तिथल्या खटखटाटात कानाशी ओरडलं तरी ऐकू यायचं नाही, म्हणून या दोघी पायांनी बोलायच्या. टाच दोनदा आपटली की ‘हाय मी’. घासली की ‘मुकादम आला’. पुढं त्या बोलण्याचाच नाच झाला, सुतारानं जाड तळव्याच्या चपला करून दिल्या, लूमच्या जुन्या पट्ट्याचे बंद लागले आणि मंडळ स्पर्धांना जायला लागलं.

नाचाची रीत साधी होती. माला कडेला उभी राहून हाक द्यायची, ‘टाच’, ‘वळा’, ‘पुढं’, आणि हाकेच्या पुढच्या ठोक्याला सगळ्यांची पावलं पडायची. हाक नाही तर पाऊल नाही. आणि हाक आली की पाऊल थांबवणं कुणाच्या हातात नसायचं. एकदा मालाला नको तिथं ‘पुढं’ म्हणायची लहर आली, तेव्हा छबूताई गवंडी सरळ भिंतीला जाऊन थडकली होती. नाकाला हळद लावून घेताना ती म्हणाली, “हाक आली, मग काय करू?”

त्या वर्षी गाणं निवडायला पंधरवडा गेला. सिनेमाचं एक गाणं लावलं, तर हॉल स्वयंपाकघराएवढा झाला आणि बायका एकमेकींच्या पायांवर नाचल्या. भजन लावलं, तर हॉल पार पलीकडच्या गल्लीत गेला. टोकाच्या बाईला हाक ऐकूच येईना, ती बिचारी चहा पिऊन परत आली. शेवटी एका बँडच्या जुन्या कॅसेटवरचं गाणं मापात बसलं. पहिला अंतरा दाराशी, दुसरा पंख्याखाली आणि तिसरा खिडकीपाशी, जिथं पाण्याचा माठ होता आणि वारा यायचा. पद्माचा गुडघा दुखायचा, म्हणून मालानं तिला तिसऱ्या अंतऱ्यात उभं केलं. तिथं पावलं कमी होती आणि क्लॅरिओनेट इतका हळू वाजायचा की बाईनं दम खाल्लेला कुणाला कळू नये.

टेपपुढं नारळ फोडला. नारळ फोडलेलं गाणं सोडून दुसरं घेता येत नाही, आणि हॉलही स्पर्धा होईपर्यंत, टेप बंद असला तरी, त्याच गाण्याच्या मापाचा होऊन बसतो.

मग स्पर्धेच्या नियमांचा कागद आला. त्यात दिलेल्या वेळेपेक्षा गाणं लांब होत होतं. गेल्या साली वेळ संपल्याची घंटा झाली आणि यांचा नाच अर्ध्यावर असताना पडदा पडला होता. छबूताईचा एक पाय पडद्याबाहेर राहिला होता आणि लोक त्यालाच हसत होते. ती नाचक्की पुन्हा कुणाला नको होती.

साऊंडवाला दस्तगीर मुजावर आला, कानाला हेडफोन लावून त्यानं गाणं ऐकलं आणि म्हणाला, “तिसरा अंतरा काढावा लागंल.”

“त्यात पद्मा हाय,” माला म्हणाली.

“मग त्यास्नी पुढं घ्या. चालू गाण्यातच कापतो. बंद करून कापलं तर जोड लई वाईट दिसतो.”

पद्मा माठावर टेकून उभी होती. “काढ की गं,” ती म्हणाली. “पडदा पडण्यापरीस बरं. मला पुढं बोलाव, मी येते.”

मालानं मनात हिशोब केला. दुसरा अंतरा संपता संपता ‘पुढं’ म्हणायचं, पद्मा पंख्याखाली येईल, मागचं काढून टाकायचं. गाणं लागलं. दुसऱ्या अंतऱ्याच्या शेवटच्या ठोक्याला मालानं खणखणीत हाक दिली, “पुढं!” पद्मानं पाय उचलला. दस्तगीरनं बटण दाबलं.

हाक दुसऱ्या अंतऱ्यात होती. पाऊल तिसऱ्याच्या पहिल्या ठोक्याला पडायचं होतं. जन्मभर हाका देणाऱ्या बाईला हे कळायला हवं होतं, आणि ते तिला बटण दाबल्यावर कळलं. पंख्याच्या पलीकडे कोरी भिंत होती. खिडकी नव्हती, माठ नव्हता, पद्माही नव्हती.

“परत जोड,” ती म्हणाली.

“मूळ कॅसेट कुठाय?”

कॅसेट खिडकीत ठेवलेली होती.

संध्याकाळी पद्माचे यजमान आण्णासाहेब किल्ली मागायला आले.

“मंडळी कुठायत?”

“तिसऱ्या अंतऱ्यात.”

“मग कधी येणार?”

“बघू. स्पर्धेपर्यंत काही बदलता येत न्हाई.”

“किल्ली तिच्या कमरेला हाय,” आण्णासाहेब भिंतीकडं बघत म्हणाले. “अंधार पडायच्या आत जेवायची सवय हाय तिला. तेवढं बघा,” असं सांगून ते कुलूपवाल्याकडं गेले.

तालमी चालू राहिल्या. हॉलमध्ये उकडायचं आणि प्यायला पाणी नव्हतं. गाणं जोडाशी आलं की बारीक ‘टक्’ व्हायचं, आणि त्याच्या आधी माला हाक द्यायची, ‘पुढं’. ती हाक नाचात राहूनच गेली होती. बाकीच्या एक पाऊल पुढं यायच्या आणि त्याच ठोक्याला भिंतीवर आतून लाकडी चपलेचं टोक आपटायचं. एकदाच. मग एके दिवशी गाणं संपल्यावर, कुणीच हाक दिलेली नसताना, भिंतीच्या आत टाच दोनदा वाजली. माला भिंतीला कपाळ लावून उभी राहिली आणि बायकांसमोर हमसून हमसून रडली. पद्माशिवाय तिला नाच नको होता, बक्षीस तर अजिबात नको होतं. हे तिनं मोठ्यानं सांगितलंही. बायकांनी चपला काढून ठेवल्या.

दस्तगीर वायर गुंडाळत म्हणाला, “जोड कितीबी बारीक केला तरी एका ठोक्याची फट राहतीच. हितं भिंत आडवी येती. स्टेजला मागं भिंत नसती, नुसता पडदा.”

त्या एका बोलण्यावर माला स्पर्धेला गेली.

स्पर्धा दुपारची होती. नाट्यगृह भरलं होतं. पहिल्या रांगेत आण्णासाहेब डबा घेऊन बसले होते. गाणं लागलं आणि स्टेजही गाण्याएवढं झालं, म्हणजे आखूड. मागचा पडदा सरकत, हॉलमध्ये पंखा होता तेवढ्या अंतरावर आला. बायका झकास नाचत होत्या. टाच, टाच, वळा. लोकांनी ताल धरला. माला विंगेत उभी होती आणि तिला नाच दिसतच नव्हता, ती फक्त गाणं ऐकत होती.

“पुढं!”

सगळ्या एक पाऊल पुढं आल्या. ‘टक्’ झालं. पडद्याच्या खालून एक लाकडी चप्पल बाहेर आली आणि ठोक्यावर पडली. चपलेत पाय होता, पायात पद्माचं जोडवं होतं, आणि घोट्याच्या वर पातळाचा ओला काठ. दुसरा पाय आत होता. एका पावलात ती अर्धीच येणार, हे मालानं तालमीत कधी मोजलंच नव्हतं. आणखी एक ‘पुढं’ लागणार होतं.

नाचात पुढची हाक ‘वळा’ होती. वळल्यावर बायका स्टेजच्या कडेनं सुखरूप परत फिरायच्या. आता त्या कडेवरच उभ्या होत्या. छबूताईच्या चपलेचं टोक स्टेजच्या बाहेर होतं आणि खाली, बरंच खाली, हार्मोनियमच्या पेट्या आणि लोखंडी खुर्च्या रचलेल्या होत्या. सगळ्यांनी उजवा पाय उचललेला होता. त्या मान वळवून मालाकडं बघत होत्या, कारण पाय खाली टेकायचा तर हाक पाहिजे.

पडद्याखालची टाच दोनदा वाजली.

फट मिटायला लागली तसा पडदा चपलेवर दाबत चालला. आण्णासाहेब डबा हातात धरून उभे राहिले. छबूताईनं डोळे मिटून घेतले आणि शेजारणीचा हात घट्ट धरला, शेजारणीनं तिच्या शेजारणीचा.

“दे ‘पुढं’,” छबूताई म्हणाली.

फट मिटण्याआधीचा शेवटचा ठोका आला आणि मालानं तोंड उघडलं.