कच्चे नट

कमलम्मानं वर्तमानपत्रावर मांडलेला, गाडीच्या चाकांच्या सांध्यात बसणारा एकेक बुश उचलला आणि आंबा पिकला का बघावा तसा अंगठ्यानं दाबून पाहिला. पिवळा बोटाला दाद देईना. काळा रबराचा दाबल्याबरोबर थोडा आत गेला.

"हाच बसव," ती म्हणाली.

सत्यमचा चेहरा उतरला. पिवळे कडक बुश त्यानं खास हैदराबादहून मागवले होते. दोन दारांची, दोनच माणसांची ती जुनी लाल स्पोर्ट्‌स कार त्यानं तिथल्याच एका डॉक्टरकडून घेतली होती. परात पालथी घातल्यासारखी ती जमिनीलगत बसलेली असे, आणि देगलुरात ती रस्त्यावर आली की लोक हातातली कामं टाकून बघत. लेकाचा जीव त्या गाडीत आहे हे कमलम्मा जाणून होती. तिचा जीव मात्र सध्या सुनेच्या पोटात होता.

"अम्मा, कडक बुशानं गाडी रस्ता सोडत न्हाई."

"अन् रस्त्यावरचा खड्डा? तो शिवांगीच्या पोटातच जातो न्हाई का?"

शिवांगीला सातवा लागला होता, आणि पहिल्या बाळंतपणासाठी आज तिला नांदेडला माहेरी पोचवायचं होतं. भाड्याच्या गाडीनं नेऊ म्हटलं तर सत्यम ऐकेना. माझ्या गाडीतून नेईन नाहीतर नेणारच नाही, म्हणून हटून बसला होता. निदान बुश तरी आपल्या मनासारखे, म्हणून कमलम्मा स्वतः गॅरेजवर आली होती.

बसवराजनं जॅकवर उचललेल्या गाडीकडे बघत हात पुसले. गॅरेज त्याचंच.

"अम्मा म्हणतात ते खरं हाय. रबर धक्का गिळतंय. पण त्याची एक खोड हाय. चाकं लोंबकळत असताना नट गच्च केले, तर गाडी खाली घेतल्यावर रबर पिळतंय अन् फाटतंय. म्हणून आत्ता कच्चे आवळायचे. मग गाडी खाली सोडून पंपापर्यंत चालवून आणायची. रबर आपल्या जागी बसलं, वजन चाकावर आलं, की पिटमधी उतरून गच्च करायचे."

"मग कर की."

"पिट मोकळा कुठाय?" त्यानं मान वळवली. जमिनीतल्या त्या चौकोनी खड्ड्यावर एक पिकअप गिअरबॉक्स उघडून उभा होता, आणि त्याचा मालक शेजारी उभा राहून घाई करत होता.

कमलम्मानं भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. आज गुरुवार. दीडला राहुकाळ लागत होता, तीनला सुटत होता. तीननंतर निघावं तर पोटुशी पोर दिवेलागणीला रस्त्यावर. उद्या शुक्रवार, घरची लक्ष्मी कोण बाहेर काढतं? आणि पुढं अमावस्या. तिनं सगळीकडून हिशेब घालून पाहिला. दीडच्या आत निघण्यावाचून वाट नव्हती.

"कडकवाल्याला असला ताप न्हाई," सत्यम पुन्हा चाचपून बघत म्हणाला. "टांगलेली असतानाच आवळून मोकळं होता येतंय."

"रबरच," कमलम्मा म्हणाली. "तू जा, शिवांगीला घेऊन ये. दीडच्या आत गाडी हलली पाहिजे."

सत्यम मोटरसायकलवरून घरी गेला. बसवराजनं काळे बुश बसवले, नट हातानं फिरवून पान्याचा एकेक हलका झटका दिला आणि गाडी खाली उतरवली. तेवढ्यात पिकअपवाला ओरडायला लागला.

"अम्मा, मी त्याचं उरकतो म्हणजे पिट रिकामा होईल. तुम्ही सत्यमला तेवढं सांगा, पंपापर्यंत जाऊन माघारी यायचं. शिवांगीताईला बसवू नका. नट अजून कच्चे हायत."

"हाव," कमलम्मा म्हणाली, आणि बसवराज पिटमध्ये उतरला.

माघारी. तो शब्द तिच्या काळजात रुतला. तिचे मालक शरणप्पा असेच एकदा दुपारचे निघाले होते. चौकातून चष्म्यासाठी माघारी वळले. तिनंच उंबऱ्यात उभं राहून तो त्यांच्या हातात दिला, आणि ते पुन्हा निघाले तेव्हा राहुकाळ लागला होता. हाणेगावच्या वळणावर ट्रक आला. ट्रकवाला प्यायलेला होता असं सगळ्या गावानं सांगितलं. कमलम्माला ते कधीच पटलं नाही. माघारी वळलेल्या माणसाला हातानं चष्मा देऊन आपणच वाटेला लावलं, हे तिच्या मनातून जात नव्हतं.

सत्यम आला. मागं शिवांगी, हिरव्या साडीत, हातात डब्यांची पिशवी.

"झालं का, अम्मा?"

कमलम्मानं घड्याळ पाहिलं. मोठा काटा सहाच्या आकड्याला टेकायला आला होता. पिटमधून हातोडीचे ठोके ऐकू येत होते. नट लावताना तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पान्यानं आवळले होते की. गॅरेजवाले काम वाढवूनच सांगतात.

"झालं," ती म्हणाली. "निघा लवकर."

"बसवराज कुठाय? त्याला सांगून..."

"मी सांगते. आता कुणाला हाका मारत बसू नको. निघ म्हणलं ना!"

तिनं दोघांवरून लिंबू उतरवून चाकाखाली ठेवलं. लाल गाडी त्यावरून गेली आणि नांदेडच्या रस्त्याला लागली. घड्याळात दीड वाजले. कमलम्मानं पदरानं मानेवरचा घाम टिपला आणि बऱ्याच दिवसांनी तिला मोकळं वाटलं.

अर्ध्या तासानं फोन वाजला. पलीकडे शिवांगी होती.

"आई, नरसी जवळ आलं. गाडी लई मऊ चालायलीय. तुम्हीच बुश निवडले म्हणं?"

"हाव गं बाई. पोटाला धक्का न्हाई ना बसत?"

"न्हाई. पण मघापासून खालून खटखट वाजायलंय. ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढतीय. हे म्हणायलेत, बसवराजदादाला विचार, नवीन बुशाचं असंच असतंय का? न्हाई तर माघारी वळतो."

कमलम्मा फोन कानाला लावून उठली. पिटच्या कडेशी गेली. खाली बसवराजची पाठ दिसत होती. एक हाक मारायचा अवकाश होता. तिनं तोंड उघडलं आणि मान वर करून घड्याळाकडे पाहिलं. दोन वाजून गेले होते. आत्ता वळले तर भर राहुकाळात वळतील. ती कडेपासून मागं सरली.

"आई? विचारलं का?"

"विचारलं," ती म्हणाली. "नवं हाय म्हणतोय. बसंल हळूहळू. माघारी वळू नका, पोरी. सावकाश जा, पण वळू नका."

तिनं फोन बंद केला. थोड्या वेळानं पिकअप धूर सोडत बाहेर पडला. बसवराज वर आला, गुडघे झटकून त्यानं रस्त्यावर दोन्ही बाजूंना नजर टाकली.

"पिट मोकळा झाला, अम्मा. सत्यम अजून आला न्हाई पंपावरून?"

कमलम्मा स्टुलावर बसली होती. दोन्ही हातांनी तिनं फोन मांडीवर दाबून धरला होता.

"येईल," ती म्हणाली. "तीन वाजू दे."